खाजेची गोळी आणि ईसीजीतला ‘क्यूटी’ : संबंध खरा की उगाच?

जुना_बुधवार (बुधवार, दुपारी १:१०)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतीच्या धाग्यांवरच असतो, आज डोकं चालेना म्हणून इकडं आलोय.

आई, वय ७२. रविवारी रात्रीपासून जुलाब-उलट्या. पावसाचं गढूळ पाणी नळाला आलंवतं, त्याचाच प्रताप असावा. सोमवारी सकाळी ॲडमिट केलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कृपया कुणी विचारू नका. सलाइन, ॲझिथ्रोमायसिन, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉनचं इंजेक्शन. मंगळवारी जुलाब कमी आले, पण अंगाला खाज सुटली. दिवसभर पाठ नि पोटऱ्या खाजवत बसली. संध्याकाळच्या राउंडला सांगटलं तर हायड्रॉक्सिझिन २५ लिहून दिली, रात्री एक. घेतली, छान झोपली.

आज सकाळी बाथरूमला जाताना चक्कर आली. पडली नाही, मी धरलो. ईसीजी काढला. सिस्टरनी पट्टी बघितली, दुसऱ्या सिस्टरना दाखवली आणि दोघी हळूच म्हणाल्या, “क्यूटी लांबलाय.” पट्टीवर क्यूटीसी ५०९ छापलंय. ज्युनिअर डॉक्टर आले, म्हणाले खाजेची गोळी बंद, सर संध्याकाळी येतील. मी विचारलं, खाजेच्या गोळीचा हृदयाशी काय संबंध? तर म्हणे, “असतो काकू.” काकू! मी ४४ ची आहे.

घरची गोळी एकच, बीपीची. टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली. हृदयाचा त्रास कधीच नव्हता. हे खरंच गोळीनं होतंय का? का दुसरंच काही असून गोळीवर ढकलायलेत?

काळजीवाहू

ताबडतोब दवाखाना बदला. ५०० च्या वर म्हणजे धोका, मी आत्ताच सर्च केलं. वेळ घालवू नका!!!

कटवडा

मी एकदा गुडघेदुखी सर्च केली होती. रात्री दोनपर्यंत मला तीन कॅन्सर झाले होते. ताई, आधी आई आत्ता कशी आहे ते सांगा.

जुना_बुधवार

आत्ता बरी आहे. चहा मागायलीय. इथला चहा म्हणजे गरम पाणी, असंही म्हणायलीय, म्हणजे शुद्धीवर आहे.

वर्गमूळ

भाऊ, घाबरू नका. ईसीजीवर ठोके किती लिहिलेत आणि ‘क्यूटी’ असा वेगळा आकडा असेल तो किती? ‘क्यूटीसी’ हा मोजलेला आकडा नसतो, क्यूटी ठोक्यांच्या वेगाप्रमाणे दुरुस्त करायला सूत्रात घालून काढलेला असतो. आधी कच्चा माल बघू.

कटवडा

भाऊ नव्हे, ताई. पुण्यात असता वाटतं. आमच्याकडं कोल्हापुरात बायकाही “मी आलो, मी गेलो”च म्हणतात. यावर चाळीस प्रतिसादांचा वेगळा धागा होऊन गेलाय, तो उकरू नका.

वर्गमूळ

माफ करा ताई. ४४ वाचूनही लक्षात आलं नाही.

डॉ_तिखट

मी मेडिसिनची डॉक्टर, आयसीयूत काम. पेशंट बघितलेला नाही, त्यामुळे इथे लिहिते ते फक्त समजून घेण्यासाठी. निर्णय तिथल्याच डॉक्टरांचा.

आधी सरळ उत्तर: होय, संबंध खरा आहे. ज्युनिअरनी गोळी थांबवली ते बरोबर केलं. दवाखाना बदलण्याची तर अजिबात गरज नाही. ज्या दवाखान्यात सिस्टरला पट्टी बघून क्यूटी कळतो तो सोडून कुठे जाता?

आता क्यूटी म्हणजे काय. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विजेची एक लाट येते. आकुंचन होतं आणि मग स्नायूला पुन्हा मूळ स्थितीवर यावं लागतं. पट्टीवर क्यू पासून टी संपेपर्यंतचं अंतर म्हणजे या सगळ्याला लागलेला वेळ. तालमीतला पैलवान डाव टाकल्यावर पुन्हा पवित्र्यात येतो ना, तसं. तो सावरायच्या आत कुणी पट काढला तर गेला. हृदयाचं सावरणं लांबलं आणि त्या मधल्या क्षणात एखादा अवेळी ठोका पडला, तर लय बिघडते. त्या बिघाडाला फ्रेंच नाव आहे, ‘तोरसाद द पॉइंत’, टोकांचा पीळ. देसेर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ मध्ये वर्णन केलं. पट्टीवर खरंच काथ्याला पीळ दिल्यासारखं दिसतं. बऱ्याचदा काही सेकंदांत आपोआप थांबतं आणि पेशंटला फक्त घेरी येते. नाही थांबलं तर हृदय बंद. म्हणून आम्ही चक्कर हा शब्द ऐकला की पट्टी मागतो.

सावरण्यासाठी पेशीतून पोटॅशियम बाहेर जावं लागतं. त्याची दारं असतात, त्यातल्या एका दाराचं नाव हर्ग. गंमत अशी की वेगवेगळ्या कामांची कितीतरी औषधं याच एका दारात जाऊन अडकतात. हायड्रॉक्सिझिन त्यातलं एक. औषध १९५६ पासून बाजारात आहे. युरोपच्या औषध संस्थेनं २०१५ मध्ये सगळी माहिती पुन्हा तपासली आणि मर्यादा घातल्या: मोठ्या माणसांना दिवसाला जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम, म्हाताऱ्यांना शक्यतो नकोच, द्यावीच लागली तर ५० च्या आत, तीही कमीत कमी दिवस. आणि ज्यांना आधीच लय बिघडायची जोखीम आहे किंवा क्यूटी लांबवणारं दुसरं औषध चालू आहे, त्यांना टाळा.

आता तुमची यादी बघा. ॲझिथ्रोमायसिन: क्यूटी लांबवतं. ऑन्डान्सेट्रॉन: लांबवतं. शिरेतून एकदम ३२ मिलिग्रॅम द्यायचा डोस अमेरिकेत २०१२ मध्ये याच कारणानं काढून टाकला. जुलाब: पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वाहून गेलं. क्लोरथॅलिडोन: लघवीवाटे तेच करतं. बाई, वय ७२: दोन्हींनी जोखीम वाढते. एकट्या २५ च्या गोळीला मी फाशी देणार नाही. पोटॅशियमचा रिपोर्ट काय आलाय ते विचारा.

राजारामपुरी_९वी_गल्ली

मेडिकल दुकान आहे आमचं. डॉक्टरबाईंनी सांगितलं ते काउंटरवरून रोज दिसतं. लोक येऊन “खाजेची द्या” म्हणतात. चिठ्ठी? “गेल्या वर्षीची हाय की.” औषध शेड्यूल एचमधलं आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. मी देत नाही, तर समोरच्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि पावसाळ्यात तर विचारू नका. जून ते सप्टेंबर अख्ख्या जिल्ह्याच्या जांघेत गजकर्ण. बुरशीसाठी इट्राकोनॅझोल, जोडीला खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन, आणि मधेच घसा धरला म्हणून कुणीतरी दिलेलं ॲझिथ्रो. तीन चिठ्ठ्या, तीन डॉक्टर, पोट एकच.

पाचट_पेटवू_नका

अहो ते आमच्याच चिठ्ठीचं वर्णन केलंसा की! उसात उतरलं की कूस लागतीया, त्यात गजकर्ण. दोन वर्षं मी ही गोळी पावसाळाभर खातोय. इट्राकोनॅझोलबरोबर नको खाऊ, असं कुणी सांगटलं नाही. का नको ते जरा सोप्पं करून सांगा.

डॉ_तिखट

@पाचट: हायड्रॉक्सिझिन शरीरातून काढून टाकायचं काम यकृतातली काही विकरं (एन्झाइम) करतात. इट्राकोनॅझोल त्यातल्या एका विकराला जखडून ठेवतं, त्यामुळे खाजेच्या गोळीची पातळी अपेक्षेपेक्षा जास्त राहू शकते. म्हणून दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. स्वतःच्या मनानं बुरशीची गोळी अर्धवट सोडू नका, नाहीतर ते गजकर्ण पुढच्या पावसाळ्यात व्याज लावून येईल.

जुना_एमआर

या विषयात इतिहास आहे मंडळी. आम्ही औषध कंपन्यांची बॅग घेऊन एसटीनं गडहिंग्लज-आजरा फिरायचो, त्या काळात “झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी” ही मोठी क्रांती होती. टर्फेनाडिन. जुन्या गोळ्यांनी लोक पेंगायचे, हिनं नाही. आणि १९९० मध्ये अमेरिकेतून एका ३९ वर्षांच्या बाईची केस छापून आली. टर्फेनाडिन घेत होती, त्यावर बुरशीसाठी केटोकोनॅझोल सुरू झालं, आणि हाच तो पीळ. ॲलर्जीची साधी गोळी हृदयाला अशी वाकडी जाऊ शकते, हे तेव्हा डॉक्टरांच्याही पचनी पडत नव्हतं.

नंतर कळलं की टर्फेनाडिन यकृतात गेलं की त्याचं फेक्सोफेनाडिन होतं, आणि ॲलर्जीवर काम तेच करतं. यकृताचं विकर जखडलं की मूळ टर्फेनाडिन तसंच रक्तात फिरतं आणि हर्गच्या दारात बसतं. ग्रेपफ्रूटच्या रसानंही तेच व्हायचं, आपल्या पपनसाचं भावंड ते. शेवटी १९९८ मध्ये अमेरिकेत टर्फेनाडिन गेलं, १९९९ मध्ये अस्टेमिझोल गेलं, आणि फेक्सोफेनाडिन स्वतःच औषध म्हणून विकायला आलं.

हायड्रॉक्सिझिनचंही असंच एक पोर आहे. शरीरात त्याचं रूपांतर सेटिरिझिनमध्ये होतं. तेच, जे सर्दीला आपण शेंगदाण्यासारखं खातो. ते हृदयाच्या बाबतीत बापापेक्षा पुष्कळ शहाणं निघालं.

कटवडा

“बापापेक्षा शहाणं पोर.” आमच्या घरी हे वाक्य उच्चारायला बंदी आहे.

रात्रपाळी

मी वॉर्डात सिस्टर आहे, १७ वर्षं झाली. डॉक्टर मंडळी काय लिहितात ते बाजूला ठेवून वॉर्डात काय होतं ते सांगते.

खाज ही कुणाचीच तक्रार नसते. जुलाब मेडिसिनवाल्यांचे, हाड हाडवाल्यांचं, खाजेला वाली नाही. रात्री पेशंट बेल वाजवतो, आम्ही ड्युटी डॉक्टरांना फोन करतो, ते दुसऱ्या मजल्यावर कुणाला तरी नळी घालत असतात. “एक खाजेची द्या.” फोन बंद. फाइल त्यांच्यासमोर नसते. अँटिबायोटिक सकाळी एकानं लिहिलेलं, उलटीचं इंजेक्शन कॅज्युअल्टीत दुसऱ्यानं, ही गोळी तिसऱ्यानं. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो. बेरीज करणारं टेबल मात्र वॉर्डात ठेवलेलं नाही. त्यात अशी गोळी एकदा चार्टवर चढली की उतरत नाही. खाज थांबून चार दिवस झाले तरी रात्री नऊला आम्ही देतोच, कारण लिहिलेली आहे.

जुना_बुधवार ताई, एक विचारू? आईच्या पर्समध्ये किंवा उशीखाली काही गोळ्या आहेत का बघा. रागावू नका. माझ्या अनुभवात म्हातारी माणसं ॲडमिट झाल्यावरही घरची एखादी गोळी गुपचूप चालू ठेवतात. एका आजोबांच्या चंचीत चुन्याच्या डबीशेजारी पाच प्रकारच्या गोळ्या सापडल्या होत्या.

निसर्गप्रेमी

म्हणून म्हणतो, ॲलोपॅथी एक बरं करते आणि दहा बिघडवते. खाजेला कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ. विषय संपला.

डॉ_तिखट

कडुलिंबाची आंघोळ जरूर घाला, माझी हरकत नाही. फक्त आत्ता त्या आजींच्या एका हाताला सलाइन आणि छातीवर ईसीजीच्या तारा आहेत.

अण्णा_६१

मला हे सगळं जरा अतिच वाटतंय. मी पित्ताच्या गांधीसाठी हीच गोळी आठ वर्षं अधूनमधून घेतोय. काही झालं नाही. माझ्या बायकोनं घेतली, मेव्हण्यानं घेतली. असल्या चर्चा वाचून लोक औषधं सोडतात आणि मग खरे आजारी पडतात. प्रत्येक गोळीच्या कागदावर मृत्यू लिहिलेलाच असतो.

सासुरवाडी_कागल

अण्णा, तुमचं झालं नाही याचा आनंदच आहे. पण आमच्या सासऱ्यांचं ऐका. वय ७८, प्रोस्टेट वाढलेली. खाजेसाठी हीच गोळी तीन दिवस दिली. दुसऱ्या दिवशी लघवी बंद. तिसऱ्या रात्री कॉटवर उठून बसले आणि मला म्हणाले, “बैलं सोडलीस का?” बैलं विकून वीस वर्षं झाली. आम्हाला वाटलं डोक्यात गाठ आली. स्कॅन, सोडियम, सगळं बघितलं. शेवटी एका तरुण डॉक्टरनं चार्ट वाचला आणि गोळी बंद केली. कॅथेटर घातला, दोन दिवसांत माणूस ताळ्यावर. तेव्हा हृदयाचं काही नव्हतं, पण म्हाताऱ्यांना ही गोळी का नको, ते मला तेव्हा कळलं.

राजारामपुरी_९वी_गल्ली

बरोबर. जुन्या पिढीतल्या सगळ्याच ॲलर्जीच्या गोळ्यांचं हे आहे. तोंड कोरडं, मलावरोध, लघवी अडणं, म्हाताऱ्यांना भ्रम. ॲव्हिलही त्याच घरातली. अण्णांचं म्हणणं मात्र पूर्ण टाकाऊ नाही. धडधाकट माणसाला अधूनमधून एक गोळी, दुसरं काही चालू नाही, तर घाबरण्यासारखं फारसं नसतं. फक्त अण्णा, आयडीतला ६१ वय असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना एकदा विचारा.

अण्णा_६१

६१ हे जन्मवर्ष आहे.

कटवडा

म्हणजे नक्कीच विचारा.

जुना_बुधवार (बुधवार, रात्री १०:३५)

सगळ्यांचे आभार. आत्ता जरा बसायला मिळालं.

पट्टीवर ठोके १००, क्यूटी ३९४ मिलिसेकंद, क्यूटीसी ५०९. पोटॅशियम २.९ आलं, पाहिजे साडेतीन ते पाच. मॅग्नेशियम १.४, तेही कमी. सर आले, पट्टीवर स्वतः पट्टी-कंपास घेतल्यासारखं मोजलं. ॲझिथ्रो बंद, ऑन्डान्सेट्रॉन बंद, खाजेची बंद, बीपीची गोळी तूर्त बदलली. पोटॅशियम सलाइनमधून हळूहळू, मॅग्नेशियमही शिरेतून. मॉनिटर असलेल्या खोलीत हलवलंय. दोन रात्री इथंच.

आणि @रात्रपाळी, तुमच्या पाया पडतो.

तुमचं वाचून आईला सहज विचारलं, पर्समधी काय हाय गं? तर पर्स छातीशी धरली. बळंच काढून बघितली. रुमाल, अंबाबाईचा अंगारा, आणि एक अर्धी पट्टी. एस्सिटॅलोप्राम १०. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मीच मानसोपचारतज्ज्ञाकडं नेलंवतं. मला वाटलं चार-सहा महिन्यांत बंद झाली असेल. बंद झालीच नव्हती, ती रिक्षा करून एकटी जाऊन चिठ्ठी नवी करून आणायची. इथं ॲडमिट झाल्यावरही रोज सकाळी घेत होती, सिस्टरची पाठ वळली की. फॉर्मवर का लिहू दिलं नाहीस विचारलं, तर म्हणाली, “येड्याची गोळी म्हणत्यात तिला. वॉर्डात चार माणसं असत्यात.”

मी काय बोलणार? गप बसलो.

सरांना सांगटलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ही यादीत हवी होती.” मानसोपचारतज्ज्ञांशी त्यांनीच फोनवर बोलून घेतलं.

डॉ_तिखट

एस्सिटॅलोप्रामसुद्धा त्याच दारातलं गिऱ्हाईक आहे, डोसाप्रमाणे क्यूटी लांबवतं. पण वाचणाऱ्या बाकीच्यांनो, हे वाचून कुणीही आपली मनाची गोळी उद्या सकाळपासून बंद करू नका. एकदम थांबवली की चक्कर, अस्वस्थपणा, रडू येणं हे वेगळंच सुरू होतं, आणि मूळ आजार परत येतो तो निराळा. त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच.

आणि ताई, तुमच्या आई एकट्या नाहीत. मी राउंडला “बीपी-शुगर सोडून काही?” असं विचारलं की निम्मे पेशंट नातेवाइकांकडे बघतात. हल्ली मी नातेवाइकांना चहाला पाठवते आणि मग विचारते.

वर्गमूळ

आता आकडे मिळाले. ठोके १०० म्हणजे दोन ठोक्यांतलं अंतर ०.६ सेकंद. मशीन बॅझेटचं १९२० चं सूत्र वापरतं: क्यूटी भागिले त्या अंतराचं वर्गमूळ. ३९४ भागिले ०.७७५, म्हणजे ५०९ च्या आसपास. पण ठोके जलद असले की हे सूत्र आकडा फुगवतं. त्याच वर्षीचं फ्रिडेरिशियाचं सूत्र घनमूळ वापरतं. त्यानं ३९४ भागिले ०.८४३, म्हणजे ४६७. एकाच पट्टीवर ४२ चा फरक! थोडक्यात, ५०९ वाचून काळजीवाहू साहेबांनी दवाखाना बदलायला लावला असता तो निम्मा गणिताचा दोष होता.

कटवडा

आयडीला जागलात.

डॉ_तिखट

@वर्गमूळ, गणित अगदी बरोबर, आणि म्हणूनच त्यांच्या सरांनी हातानं मोजलं. पण निष्कर्षाशी भांडण आहे. बाईसाठी ४६० च्या वर म्हणजे लांबलेलाच. ४६७ आला म्हणून मी घरी गेले नसते, कारण पोटॅशियम २.९ आहे आणि पेशंटला चक्कर आलेली आहे. आकडा कधीच एकटा वाचायचा नसतो. उलटही होतं: मंद ठोके असले की बॅझेट आकडा कमी दाखवतो आणि आपण बेसावध राहतो.

वर्गमूळ

मान्य. तरी एक शंका. २५ मिलिग्रॅमची एकच गोळी घेतली होती. तिचा वाटा खरंच किती? बाकीच्या तीन औषधांचंच पाप तिच्या माथी मारतोय असं नाही ना?

डॉ_तिखट

वाटा वेगळा काढता येत नाही, प्रामाणिकपणे. बाकी काही नसताना त्या एका गोळीनं बहुतेक काहीच झालं नसतं. फक्त हे लक्षात घ्या, मोठ्या माणसात तिचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण २० तास लागतात, म्हाताऱ्यांत २९ च्या आसपास. म्हणजे दुसऱ्या रात्रीची गोळी पडते तेव्हा पहिली निम्म्याहून जास्त अंगात असते. शिवाय ज्युनिअरनी तीच आधी थांबवली कारण तिच्यावाचून काही अडत नव्हतं. लांबलेला क्यूटी कमी करायचा तर सगळ्यात कमी गरजेचं औषध आधी काढायचं.

चिखलीकर

मी डॉक्टर नाही, प्रयाग चिखलीचा आहे. दरवर्षी पाणी दारात येतं त्यामुळं मला हे लगेच कळलं.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. प्रत्येक नदी आपल्या पात्रात बसते. आमच्या इथं संगमावर येतात आणि पंचगंगा होते. मग राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ ला नुसत्या कुंभीनं पूर आणला का? नाही. नुसते राधानगरीचे दरवाजे उघडले म्हणून आला का? तेही नाही. सगळीकडं एकदम पडला.

ताईंच्या आईचं तसंच. ॲझिथ्रो, उलटीचं इंजेक्शन, मनाची गोळी, खाजेची गोळी, या चार. आणि पाचवी सरस्वती, आमच्याकडं ती गुप्त आहे म्हणतात. ती म्हणजे जुलाबात वाहून गेलेलं पोटॅशियम. पट्टीवर दिसत नाही, रक्त काढल्याशिवाय कळत नाही.

रात्रपाळी

चिखलीकर, हे मी उद्या आमच्या नवीन पोरींना सांगणार. तुमचं नाव घेऊन.

चिखलीकर

नाव घेऊ नका, पूररेषेतलं घर विकायचंय.

काळजीवाहू

पोटॅशियमसाठी रोज शहाळं द्या. आणि केळी. चार केळी.

डॉ_तिखट

जुलाब नुकते थांबलेल्या ७२ वर्षांच्या बाईला चार केळी! २.९ केळ्यांनी वेळेत भरून निघत नाही. आणि कुणाची किडनी कमजोर असेल तर शहाळ्याचा अतिरेक उलटा पोटॅशियम वाढवून हृदय बंद पाडू शकतो. काळजी करा, पण मोजून.

राजारामपुरी_९वी_गल्ली

अवांतर वाटेल पण सांगतो. असा त्रास झाला तर तो कळवायची सोय सरकारनं केलेली आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे देशभरातल्या दुष्परिणामांची नोंद होते, फोन बिनपैशाचा, १८००-१८०-३०२४. पेशंटही कळवू शकतो. कुणाला शिक्षा करायला नाही, नोंद व्हावी म्हणून. युरोपात २०१५ ला जे ठरलं ते अशाच कळवलेल्या केसेस साठत गेल्या म्हणून.

पाचट_पेटवू_नका

आज कातडीच्या डॉक्टरकडं दोन्ही चिठ्ठ्या घेऊन गेलो. त्यांनी खाजेची बदलून सेटिरिझिन दिली, बुरशीची पूर्ण करायला सांगटली. आणि म्हणाले, “कुणी सांगितलं तुम्हाला हे?” म्हटलं एका कटवड्याच्या धाग्यावर वाचलं.

कटवडा

धागा माझा नाही हो. पण फी पाठवा.

जुना_बुधवार (शनिवार, सकाळी ११:२०)

डिस्चार्ज मिळायलाय, बिलाची वाट बघत बसलोय, तेवढ्यात लिहितो.

आजची पट्टी: ठोके ७६, क्यूटी ३९२, क्यूटीसी ४४१. पोटॅशियम ४.१. दोन रात्री मॉनिटरवर एकही वाकडा ठोका आला नाही. एस्सिटॅलोप्राम तूर्त पाच केलीय, पुढच्या आठवड्यात तिच्या डॉक्टरकडं जायचं, तेव्हा मीही जाणार. “तू बाहेर बसायचं” या अटीवर.

आणि खाज! काल कातडीचे डॉक्टर आले, टॉर्च मारून पाठ बघितली, म्हणाले पुरळ नाही, चट्टा नाही, कातडी नुसती वाळून कोरडी पडलीय. जुलाबात अंगातलं पाणी गेलं, त्यात आई दवाखान्यात आल्यापासून डेटॉल टाकून अंग पुसत होती, “इथं लई जंतू असत्यात” म्हणून. उपाय काय दिला? खोबरेल. दिवसातून दोनदा. काल सिस्टरनी स्वतः पाठीला लावलं, आई अर्ध्या तासात घोरायला लागली.

@वर्गमूळ, फ्रिडेरिशियानं ४४१ चं किती येतं?

वर्गमूळ

४२४.

जुना_बुधवार

आईला सांगटलं. म्हणाली, कमी झालं का जास्त? कमी. मग बरं.

घरी गेल्यावर कॅलेंडरच्या मागं गोळ्यांची यादी लिही म्हटलंवतं, तर इथंच औषधाच्या पुडीवर लिहून ठेवलीय. बीपीची, रात्री. खाजेची, काट मारलीय. आणि तिसऱ्या ओळीत, बाकीच्यांपेक्षा जरा बारीक अक्षरात: ‘मनाची, सकाळी.’

रात्रपाळी

ती पुडी पर्समध्येच ठेवायला सांगा. अंगाऱ्याशेजारी.

कटवडा

ताई, सगळं झालं. आता तुमच्या मूळ धाग्यावर या. पांढऱ्या रश्श्यात खसखस किती घालायची ते गेल्या शुक्रवारपासून अडलंय.

जुना_बुधवार

दोन चमचे. भिजवून. आईला विचारून सांगितलंय.